‘फॉरेस्टवाले आधी तुमच्याच घरी येतील’

वेंगुर्ल्याच्या एका शिक्षक वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांनी मुलीच्या हट्टापायी कोल्हापूरच्या एका दुकानातून खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी बसवून घेतली. टाकी, मासे आणि ‘लाइव्ह रॉक’ (बारीक जीव वाढलेले समुद्री दगड) म्हणून दिलेले दगड मिळून ६२,००० रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. दर महिन्याला दुकानाचा पोरगा साफसफाईला येई, त्याचे पैसे वेगळे. गेल्या पावसाळ्यात दगडांवर तपकिरी बटणांसारखे जीव दाटले. दुकानदाराने फोनवर सांगितलं, ‘उकळतं पाणी ओता आणि ब्रशने घासून काढा.’ बाहेर धो धो पाऊस, म्हणून पोराने ते काम न्हाणीघरात दार लावून केलं. वाफ घरभर झाली. संध्याकाळपर्यंत घरातल्या चौघांना हुडहुडी भरून ताप, छातीत आवळल्यासारखं, अंग मोडून आलेलं. सत्तरीच्या आई तीन दिवस अतिदक्षता विभागात होत्या. मोरीचं पाणी चाटलेला कुत्रा रात्रीच गेला. रुग्णालयाचा खर्च १,८४,००० रुपये. पैसे मागितल्यावर दुकानदाराचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘तो दगड कोरलचा आहे. तक्रार केलीत तर फॉरेस्टवाले आधी तुमच्याच घरी येतील.’ वाचक विचारतात, गप्प बसू का?

नाही. पण घाईही करू नका, कारण ती धमकी अर्धी खरी आहे.

त्याआधी एक गोष्ट. उरलेले दगड अजून टाकीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कोणीही हात लावू नका, मुलीला त्या खोलीत जाऊ देऊ नका. घासणं, उकळणं, उन्हात वाळवणं, खाडीत टाकणं यातलं काहीही नको. ती ‘बटणं’ म्हणजे झोअँथिड, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव असावेत. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बिघडवतं, म्हणून स्नायू आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला आधार देतात. आणि ते उकळून मरत नाही. आपल्याकडे तान्ह्याचं पाणी उकळतात, तिसरे (शिंपले) उकडून उघडतात. उकळलं की सगळं निर्धोक, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. इथे उलट झालं. गरम पाण्याने विष वाफेबरोबर उडालं आणि श्वासात गेलं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आई त्या रात्री म्हणाल्या, ‘तोंडात पैसो धरल्यासारखा लागता.’ तोंडात धातूची चव येणं हे या विषबाधेचं नेहमी नोंदलं जाणारं लक्षण आहे. आईंना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, म्हणूनच या वाक्याचं वजन मोठं.

कारण तुमची कमकुवत बाजू कागद आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘विषाणूजन्य ताप’ लिहिलंय. यात डॉक्टरांना दोष देऊ नका, टाकीबद्दल त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण रुग्णालयाकडून संपूर्ण केस पेपर मागून घ्या. क्रिएटिन कायनेज आणि पोटॅशियमचे आकडे बघा. स्नायूंना इजा झाली की हे वाढतात. एकाच घरातली चार माणसं आणि एक कुत्रा एकाच दुपारनंतर कोसळतात, तर साथीच्या तापापेक्षा हे कारण संभवतं का, असं एखाद्या विषतज्ज्ञाचं लेखी मत घ्या. साफसफाई करणारा पोरगाही दोन दिवस आजारी होता ना? त्याला विरुद्ध पक्ष करू नका. तो हुकमाचा ताबेदार होता आणि त्यालाही तितकंच लागलं. त्याने साक्ष दिली तर तुमचं प्रकरण भक्कम होईल.

आता दावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे मालामुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे. कलम ८५ प्रमाणे सेवा देणाऱ्याने इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नाहीत तर तो जबाबदार. तुमच्या दुकानदाराने इशारा दिला नाहीच, उलट घातक सूचना दिली. कलम ८६ विक्रेत्याला धरतं: माल तपासण्यात, जुळवण्यात, सांभाळण्यात वाजवी काळजी घेतली नाही, किंवा मूळ उत्पादक कोण हेच कळत नाही, तर जबाबदारी त्याच्यावर येते. कलम ८७ चा आडोसा तो घेईल. ‘उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याचा इशारा देण्याची गरज नाही,’ असं त्यात उत्पादकाबाबत आहे, विक्रेत्याबाबत नाही. शिवाय हा धोका सामान्य माणसाला कुठे ठाऊक होता? तो ठाऊक असायला हवा होता या धंद्यातल्या माणसाला. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका घरात टाकी साफ करताना असंच घडलं होतं, आणि घरच्यांबरोबर मदतीला आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

तक्रारीसाठी कोल्हापूरला खेटे घालायला नकोत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ती दाखल होते. ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. मालाची आणि सेवेची मिळून किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षं, त्यातले अकरा महिने गेले आहेत. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, म्हणून बिल नसल्याचं ओझं तुम्ही वाहू नका. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपचे निरोप पुरावा म्हणून चालतात, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा आणि तोच फोन जपून ठेवा. नुकसानीत चौघांची आजारपणं, खर्च, मानसिक यातना धरा. कुत्रा कायद्याच्या लेखी ‘मालमत्ता’ ठरतो. तो शब्द तुमच्या मुलीला बोचेल हे मला कळतं, पण त्याचाही उल्लेख करा.

आणि आता ती धमकी. २००१ पासून दगडी प्रवाळ (कोरल), काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्याच पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षं, शिवाय दंड. वस्तू ज्याच्या ताब्यात सापडली, ताबा कायदेशीर असल्याचं त्यालाच दाखवावं लागतं. तुमची ती बटणं या पाच गटांत बसत नाहीत. पण ती ज्या दगडावर वाढली तो दगडच प्रवाळाचा सांगाडा असेल, तर प्रश्न गंभीर आहे. तो सिमेंटचा किंवा साध्या कातळाचा असेल, तर धमकीतली हवाच गेली. हे डोळ्यांनी बघून ठरत नाही, प्राणिशास्त्रज्ञच सांगू शकतो.

दुकानदाराच्या लक्षात आलेलं दिसत नाही, पण त्या एका निरोपात त्याने दगड आपणच दिल्याचं आणि तो काय आहे हे आपल्याला माहीत असल्याचं लिहून दिलंय. प्रवाळाचा व्यापार करणारा तो, आणि त्याच कायद्याचा सर्वांत मोठा तडाखा त्यालाच बसतो.

म्हणून क्रम असा ठेवा. फौजदारी काम करणारे वकील आधी गाठा, वनविभागाकडे एकटे जाऊ नका. आपणहून दगड दिला म्हणून आपोआप माफी मिळते, अशी सरसकट तरतूद कायद्यात नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण सावंतवाडीच्या उपवनसंरक्षकांकडे वकिलामार्फत लेखी अर्ज गेला, त्यात कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतला हे सगळं असलं, पंचनामा होऊन दगड ताब्यात गेला, तर उघडपणे पैसे भरून फसलेला शिक्षक आणि लपवणारा माणूस यांत फरक करायला अधिकाऱ्यांना आणि न्यायालयाला आधार मिळतो. रात्री दगड समुद्रात टाकलात तर तो आधार जाईल, पुरावाही जाईल. त्याच पंचनाम्याच्या वेळी नमुना सीलबंद करण्याची विनंती करा. ग्राहक आयोगही कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ आणि २८६ खाली तक्रार करता येईल, पण ती आज नको. वनविभागाचं मार्गी लागल्यावर वकिलांशी बोलून ठरवा.

आईंचं शपथपत्र मात्र याच आठवड्यात करून घ्या, त्यांची आठवण ताजी आहे तोवर. नोटरीकडचा कारकून ‘धातूसदृश चव जाणवली’ असं काहीतरी टंकेल. तसं करू देऊ नका. त्या जे बोलल्या तेच, त्यांच्या मालवणीत, अवतरणात घाला: तोंडात पैसो धरल्यासारखा.