लॅपटॉपची रॅम : मावते किती, लागते किती

प्रश्न : मालवणला आमचा न्याहारी-निवासाचा व्यवसाय आहे. लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे आणि दुकानदार १६ जीबी करा म्हणतात. एवढी खरोखर लागते का?

उत्तर : हे दुकानदारापेक्षा तुमचा लॅपटॉपच अधिक नेमके सांगेल. मे महिन्याच्या गर्दीत बुकिंगची पाने, व्हॉट्सॲप आणि हिशेबाची एक्सेल असे सगळे उघडे असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. रॅम जवळजवळ भरलेली आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर विंडोज रॅममधला मजकूर सतत डिस्कवर हलवत आहे, असे समजावे. तेथेच किती स्लॉट, म्हणजे रॅम बसवायच्या खाचा, वापरात आहेत तेही बहुधा दिसते. तुमच्या कामाला ८ जीबी पुरेल. उरलेल्या पैशांत, जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहीत आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम घातली, पण वापरण्याजोगी जेमतेम सव्वातीन जीबीच दिसते. रॅम खोटी आहे का?

उत्तर : रॅमवर संशय घेण्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडून पाहा, तेथे ३२ बिट विंडोज दिसेल, असा माझा अंदाज आहे. ३२ बिटांत पत्ते मोजता येतात ते ४ जीबीपर्यंतच, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स व इतर भागांसाठी राखीव जातात. प्रोसेसर ६४ बिटांचा असल्यास ६४ बिट विंडोज घाला, मात्र ती जुन्यावर चढवता येत नाही, कोरीच घालावी लागते. तेव्हा फोटो आणि कागदपत्रे आधी बाहेर काढून ठेवा. रॅमची मर्यादा प्रोसेसरची, मदरबोर्डाची आणि विंडोजचीही असते, आणि तिन्हींत जी सर्वांत कमी तीच लागू होते. विंडोज ७ च्या होम प्रीमियमची ६४ बिट आवृत्ती १६ जीबीवर थांबत असे, तर विंडोज ११ होम १२८ जीबीपर्यंत जाते.

प्रश्न : दापोलीची मुलगी इंजिनिअरिंगला जात आहे. आता ८ जीबीचा घेऊन पुढे वाढवू का?

उत्तर : स्लॉट असेल तरच. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच झाळलेली असते, आणि ती नंतर वाढवता येत नाही. तसा घेणार असाल तर १६ जीबीच घ्या.

प्रश्न : वेंगुर्ल्यात पाचव्या पिढीच्या आय-५ लॅपटॉपला दुसरी ८ जीबीची स्टिक लावली, ती दिसतच नाही. मर्यादा संपली का?

उत्तर : त्या पिढीचा लॅपटॉपसाठीचा यू मालिकेचा (नावाच्या शेवटी यू असलेला, कमी वीज घेणारा) प्रोसेसर १६ जीबी घेतो, त्यामुळे आधी स्टिकवरचे लेबल वाचा. तेथे पीसी३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची डीडीआर३एल, हवी, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्याच २०४ पिनांच्या स्लॉटात अगदी नीट बसते, पण चालत नाही. लेबल बरोबर असेल तर बॅटरी सुटी करा, दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढा, म्हणजे स्टिक तिरकी वर येईल. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेने तिच्या पिवळ्या पट्ट्यांवर मळ धरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. दुकानांत त्यांवर खोडरबर फिरवतात, ते मला पसंत नाही, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. त्यानंतरही दिसली नाही, तर जुनी काढून नवी एकटीच लावून पाहा, आणि तीही चालली नाही तर बदलून मागा.