हॉलला मॅटच मारा, पेंटर खोटं बोलत नाहीये

तुम्ही लिहिलंय की चेंबूरला जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके रंगवायला काढलाय, घरचे म्हणतात सगळीकडे शाइनवाला मारा म्हणजे पुसता येईल, आणि पेंटर म्हणतो हॉलला मॅट, म्हणजे बिनचमकीचा, घ्या, तर पेंटर स्वस्तातलं काम गळ्यात मारतोय का. नाही हो. पेंटर बरोबर बोलतोय. चांगला मॅट इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) स्वस्त नसतो, आणि असं तोंडावर सांगणारा पेंटर मिळालाय तर त्याला सोडू नका.

मी हे एवढ्या जोरात का सांगतोय तर आमच्या घरात याच एका गोष्टीवरून जे झालंय ते मला अजून सलतं. कॉलेज करता करता मी परळला एका पेंटच्या दुकानात टिंटिंग मशीनवर होतो. शेड काढायची, बेसमध्ये कलरंट पाडायचे, डबा शेकरमध्ये लावायचा. दिवसभर पेंटर लोक येऊन कुठे काय मारलं, काय फसलं ते सांगत बसायचे, शिकलो ते तिथेच. आमचं घर लालबागला, चाळीतलं. एका गणपतीच्या आधी घर रंगवायचं ठरलं आणि दादा म्हणाला हॉलला हाय शीन, म्हणजे चकचकीत. मी म्हटलं दादा, या भिंतींना नको, लांबीवर लांबी (पुट्टी) चढलेली आहे, कोनाडे बुजवलेत, वायरिंगच्या जुन्या पट्ट्या काढून चर भरलेत, सगळं दिसेल. तर सगळ्यांसमोर म्हणाला, तू दुकानात डबे हलवतोस, तुला काय कळतंय, मॅट म्हणजे डिस्टेंपर, तो स्वस्तातला रंग, पाहुणे काय म्हणतील.

रंगारी चाचा आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारे. त्यांनीही एकदा सांगून बघितलं, मग गप्प बसले आणि हाय शीनचे दोन हात मारून दिले. दिवसा काही कळलं नाही. मग मखर लागलं आणि दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून फोकस लावले. उजेड भिंतीला घासून गेला की काय होतं ते मी त्या रात्री बघितलं. गणपतीच्या डाव्या खांद्यामागे बुजवलेल्या कोनाड्याचा अख्खा चौकोन उठून आला, चारी कडांसकट. त्याच्या वरून पट्टीची रेघ थेट छतापर्यंत, आणि स्विचबोर्डच्या बाजूला लांबीचा पत्रा जिथे जिथे थांबला होता तिथे अर्धगोल फटकारे. दर्शनाला आलेली माणसं हात जोडून झाले की भिंतीकडेच बघायची. दादाने काय करावं, चाचांना बोलावून घेतलं, पाहुण्यांसमोर झापलं आणि उरलेले पैसे दिले नाहीत. चाचांचं काम स्वच्छ होतं. शंभर वर्षांची भिंत ते सपाट करू शकत नव्हते, त्यासाठी प्लास्टर काढून नवीन करावं लागलं असतं. नंतर आईने गुपचूप त्यांचे पैसे पोचवले.

आता कारण. रंगात पिगमेंट आणि खडूसारखी फिलर पावडर जास्त आणि बाइंडर, म्हणजे हे सगळं धरून ठेवणारा चिकट भाग, कमी असला की सुकल्यावर वरचा थर बारीक खरखरीत राहतो, उजेड चहूकडे फुटतो आणि भिंतीचे उंचसखल भाग डोळ्याला लागत नाहीत. बाइंडर जास्त असला की वर गुळगुळीत फिल्म बसते आणि उजेड आरशासारखा एकाच दिशेने परत येतो, भिंत जरा कलली की चमक तिथेच तुटते. हे मोजता येतं, ग्लॉसमीटर 60 अंशात धरतात, मॅटचं रीडिंग 10 च्या खाली, ग्लॉसचं 70 च्या वर. यात चांगलं-वाईट, महाग-स्वस्त असलं काही नाही. डिस्टेंपर वेगळा, मॅट इमल्शन वेगळा. डिस्टेंपर ओल्या फडक्याला लागतो, चांगला मॅट इमल्शन हलक्या हाताने पुसता येतो.

बाकी तुमच्या खोल्या. सिलिंगला सगळीकडे मॅट, त्यात चर्चाच नको, पीओपीचे जॉइंट आणि ट्यूबलाइट एकत्र आले की शीन वाट लावतो. किचनला सॅटिन किंवा सेमी ग्लॉस, म्हणजे मधल्या चमकीचा, फोडणीचा तेलकट थर मॅटवरून निघत नाही, घासलं तर तिथे चकचकीत डाग पडतो. पॅसेज आणि मुलांची खोली सॉफ्ट शीन, म्हणजे हलकी चमक. दरवाजे, चौकटी, ग्रिल ऑइल पेंट, सॅटिन किंवा ग्लॉस तुमची आवड, फक्त पांढरा घेऊ नका, अंधाऱ्या कोपऱ्यात तो पिवळा पडतो. बेडरूमला काहीही चालेल.

पुढच्या वर्षी मी आणि चाचांनी ती मखरामागची भिंत परत केली. शीनवर थेट मॅट मारायचा नाही, धरत नाही, आधी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारली, प्रायमर, मग मॅटचे दोन हात. लांबीला हातसुद्धा लावला नाही. कोनाडा गेला. दादा म्हणतो यंदा लाइट बदलल्या म्हणून दिसत नाही. आजही कोणी विषय काढला की हेच म्हणतो, आणि वर म्हणतो त्या वर्षी रंगारी बेकार होता.

म्हणून घरच्यांना समजवायचं असेल तर वाद घालू नका. रात्री हॉलच्या लाइट बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा फिरवा आणि त्यांना दाखवा. जेवढं त्यात दिसेल तेवढं शीनमध्ये संध्याकाळच्या उन्हात दिसणार, पश्चिमेची खिडकी असेल तर रोज.

एक-दोन गोष्टी राहिल्या. भिंत नवीन असेल, जिप्सम मारून एका लेव्हलला आणलेली असेल तर हॉललाही शीन खुशाल मारा, माझं भांडण शीनशी नाही, जुन्या भिंतीवरच्या शीनशी आहे. गडद शेड मॅटमध्ये घेणार असाल तर सोफ्याची पाठ, बॅगा घासल्याचे पांढरट ओरखडे दिसतात, तिथे सॉफ्ट शीन बरा. तोच शेड कोड शीनमध्ये जास्त गडद दिसतो, त्यामुळे कार्डावर बघून ठरवू नका, भिंतीवर पॅच मारून बघा. आणि बाहेरून ओल येत असेल तर आधी ती बंद करा, ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारला की पाणी आत कोंडतं आणि पोपडे येतात, त्याचंही खापर मग पेंटरवरच फुटतं.

आणि दादा, तू हे वाचशीलच. लाइट बदलल्या नव्हत्या. तेच दोन फोकस होते, माळ्यावर मखराच्या खोक्यात आहेत, येऊन लावून बघ. आणि चाचांना एक फोन कर.