ताटावरची प्रार्थना लांबली तर लांबू दे

न्यू जर्सीहून आलेल्या पत्रात चार प्रश्न आहेत. ठाण्याच्या चरईतल्या घराचं काय करायचं, थोरल्याचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, कुठे करायचं, मुलांचं मराठी कसं टिकवायचं, हे तीन तू सविस्तर लिहिलेस. चौथा मात्र अगदी शेवटी उरकलास. मी तोच आधी घेते.

"ताई, जेवणाआधी आईची प्रार्थना संपतच नाही. मुलं चुळबुळतात, भात गार होतो. मी तिला म्हटलं, आई, जरा आवरतं घे ना, देवाला सगळं माहीत असतं. तेव्हापासून ती प्रार्थनाच करत नाही. 'तुम्हीच करा' म्हणते."

अगं, हे शेवटी लिहायचं?

त्याच पत्रात वर तू लिहिलंयस, "दर शनिवारी आम्ही चर्चतर्फे बेघर लोकांना जेवण वाढतो. तिथे कोणी कितीही बोललं तरी मी शांतपणे ऐकून घेते." त्या कामाचं मोल मला मनापासून वाटतं. पण परक्यापुढे धीर धरणं त्या मानाने सोपं, तो जेवून आपल्या वाटेने जातो. आई सोमवारीही घरातच असते. ख्रिस्ती माणसाच्या नम्रतेची परीक्षा घरच्या जेवणाच्या टेबलाशी होते, हे मी या सदरात कितीदा लिहिलंय आणि पुढेही लिहिणार आहे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेही भोजनावरून उठून. योहानाचा 13 वा अध्याय काढून बघ.

देवाला सगळं माहीत असतं, हे खरंच. मत्तयाच्या 6 व्या अध्यायात मागण्याआधीच पित्याला आपली गरज ठाऊक असते असं प्रभू सांगतो, पोकळ बडबड नको असंही सांगतो. पण लगेच पुढे तो प्रार्थना शिकवतो. देवाला माहीत असतं, पण आईच्या मनातलं तुला माहीत असतं का?

ठाण्यात तिला मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, होती. रविवारची उपासना, महिला मंडळ, घरोघरच्या प्रार्थनासभा, जांभळी नाक्यावर भाजी घेताना भेटणाऱ्या ओळखीच्या बायका. बाबा गेल्यावर तू तिला तिकडे नेलंस, चांगलंच केलंस. आता तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. दिवसभर ती बोलणार कुणाशी? संध्याकाळी सगळे समोर बसले की साठलेलं देवापुढे मांडते. गुडघा दुखतोय हे ती तुला सांगणार नाही, प्रार्थनेत सांगेल.

माझ्या सासूबाई कोपरीहून आमच्याकडे मस्कतला यायच्या. तिथे उपासना शुक्रवारी, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. रोजच्या प्रार्थनेत त्या एकेक माणूस घ्यायच्या: ठाण्यातल्या शेजारणीची बाळंतीण लेक, नोकरी गेलेला पुतण्या, आमच्या इमारतीचा केरळी वॉचमन. त्याच्या मुलीचं ऑपरेशन आहे हे घरात सगळ्यांना कळलं ते त्यांच्या प्रार्थनेतून. मोडक्या हिंदीत त्यांनीच त्याची चौकशी केली होती. माझा नवरा उतावळा, पण आईला त्याने कधी थांबवलं नाही. त्याने फक्त क्रम बदलला, आधी प्रार्थना आणि मग वाढणं. भात कुकरमध्येच राहिला की गार कशाला होईल?

ज्यांची गीतं आपण आजही उपासनेत गातो, ते नारायण वामन टिळक तापट म्हणून ओळखले जायचे. त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं, आणि टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. त्या आपल्या पावलांनी आल्या. तसा रागीट माणूस घरच्या माणसासाठी वर्षानुवर्षं थांबला. तुला दहा-पंधरा मिनिटंच थांबायचंय.

तेव्हा माफीचं भाषण करू नकोस, "काही नाही गं" म्हणून आई उठून जाईल. ताटं घेण्याआधी सगळ्यांना बसव आणि म्हण, "आई, आज तू कर." ती नको म्हणेल. प्रभूचा शिष्य पेत्रही पाय धुवून घ्यायला आधी तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार, तिसऱ्याही दिवशी. एखाद्या दिवशी ती दोन वाक्यांत आमेन म्हणेल, तेव्हा "बघ, कसं छान आटोपलं" असं चुकूनही बोलू नकोस. फोन आतल्या खोलीत ठेव. ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमं असावं, असं याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे. आपण ते मंडळीत वाचतो आणि घरी विसरतो.

मुलांना सांग, रोज आजीला एक नाव द्यायचं. भांडलेला मित्र, आजारी टीचर, कुणीही. मित्राचं काय बिनसलंय हे आजीला समजावताना ती मराठी बोलतीलच. मोडकं बोलली तरी मध्ये पडून सुधारू नकोस.

चरईच्या घराचा विषय आईने काढला तरच काढ. दृढीकरणाबद्दल तुमच्या तिथल्या पाळकसाहेबांशी बोल. मुलगा ज्या मंडळीत वाढतोय तिथेच ते व्हावं असं मला वाटतं, ठाण्यातल्या नातेवाइकांना फोटो पाठवता येतील.