एसीवाल्याच्या व्हॅक्यूम पंपावर घरी ग्लो ट्यूब पेटेल का? (मालवण)

हो पेटेल. ग्लो ट्यूब म्हणजे आतली हवा उपसून हाय व्होल्टेजवर पेटवलेली काचेची नळी, तिच्यात हवेचा गुलाबी-जांभळा ग्लो बघायचा असेल तर 1 टॉरच्या आसपासचा दाब पुरतो (टॉर हे दाबाचं एकक, बाहेर हवेचा दाब 760 टॉर असतो) आणि एसीवाल्यांचा टू-स्टेज रोटरी पंप चांगल्या तेलावर त्याच्या बराच खाली जातो. जास्त दाबाला इलेक्ट्रॉन वेग घ्यायच्या आतच हवेच्या कणांवर आपटतात म्हणून नुसती वळवळणारी बारीक रेघ दिसते, दाब उतरला की ग्लो पसरून अख्खी नळी भरतो, अजून खाली गेलात की त्यात पट्टे पडतात, ते जरूर बघा, फार सुंदर दिसतात. मालवणात पावसाळ्यात खरा त्रास ओलाव्याचा, 30 अंशाला पाण्याचा बाष्पदाबच (त्याच्या वाफेचा दाब) 32 टॉरच्या आसपास, त्यामुळे नळी ओलसर असली तर पंप कितीही चालवा, दाब दाखवणारा गेज अडकून बसतो. नळी आधी तापवून सुकवा, पंपाला गॅस बॅलास्ट (थोडी हवा आत सोडून बाष्प तेलात साचू न देणारा व्हॉल्व्ह) असेल तर सुरुवातीला उघडा ठेवा, तेल दुधाळ दिसलं की बदला. पण नळी निऑन भरून कायमची सील करायची असेल तर एवढ्यावर भागत नाही, काच तापवत टॉरच्या काही हजारांश भागापर्यंत उतरून मग 10 टॉरच्या आसपास निऑन सोडावा लागतो. आणि नळीला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर चालू असताना कशालाही हात लावू नका, तो झटका जीव घेऊ शकतो.