सोलचे राजवाडे: सुरुवात एकापासून करा

दक्षिण कोरियाच्या राजधानीतले, म्हणजे सोलमधले, पाचही राजवाडे दोन दिवसांत उरकायचा बेत आधी रद्द करा. नवखे तिथेच फसतात. संध्याकाळपर्यंत सगळी छपरं सारखीच दिसायला लागतात. एकच धरा, ग्योंगबोकगुंग. मंगळवारी बंद असतो, तेवढं सांभाळा.

सनावळ्या तीनच पुरेत: १३९५ ला बांधला, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात जपानी राजवटीने बहुतेक इमारती पाडल्या, त्यामुळे आज दिसतं त्यातलं बरंच नव्याने बांधलेलं आहे. म्हणून नाक मुरडू नका.

आत गेल्यावर:

- दरबाराच्या इमारतीकडे धावण्याआधी अंगणातले दगडी खुंट वाचा. कुठल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभं राहायचं ते त्यांवर कोरलंय. मुलकी पूर्वेला, लष्करी पश्चिमेला. बाहेरून दुमजली वाटणारी ती इमारत आतून एकच उंच दालन आहे.
- राणीच्या महालामागे जाच. तिथली विटांची षट्कोनी, नक्षीदार धुराडी मी पहिल्या खेपेला चक्क शोभेची समजलो होतो! खोल्या उबदार ठेवायला जमिनीखालून फिरवलेला जाळाचा धूर तिथून बाहेर पडायचा.

छपरांखालच्या रंगकामातली चिन्हं वगैरे पुढच्या खेपेला. आणि बूट आरामाचे घाला, अंगणातली फरशी ओबडधोबड आहे.