भेट मिळालेल्या ऑर्किडची फुलं गळल्यावर
फुलं गळली म्हणून झाड फेकू नका, ते जिवंत आहे. तुमचं ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस या प्रकारचं असेल, ते मुळात झाडांच्या खोडावर वाढणारं. मातीत लावलंत तर मुळं गुदमरून कुजतात. झाडाच्या सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा वापरा. पाणी मुळं बघून द्यायचं: हिरवी असतील तर थांबा, चंदेरी झाली की सकाळी भरपूर घालून पूर्ण निथळू द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन त्याला फार मानवतं. फुलांचा दांडा हिरवा असेल तर खालून २-३ पेरं ठेवून कापा, तिथून पुन्हा कळ्या येऊ शकतात. आणि जूनच्या सुमारास सह्याद्रीत गेलात तर झाडांवर फुललेली सीतेची वेणी जरूर बघा. तेही ऑर्किडच, मात्र काढून घरी आणू नका.