व्हॅटचा जुना कोड काढावा का?

प्रश्न : ताई, सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्यांसाठी आमची कंपनी बिलांचं आणि साठ्याचं सॉफ्टवेअर बनवते. पायथन-जँगोमधलं, बरंच जुनं. व्हॅटच्या काळातला कोड अजून तसाच पडलाय. मी व्हल्चर (न वापरलेला कोड शोधणारं टूल) चालवलं तर भलीमोठी यादी निघाली. सीनियर म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नकोस. काय करू?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : हात जरूर लाव, पण यादी बघून सरसकट डिलीट करू नकोस. व्हल्चर प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसता वाचतो. एखादं नाव दुसरीकडे कुठे दिसलं नाही की त्याला संशय येतो. म्हणून फंक्शनसमोर तो ६०% लिहितो, न वापरलेल्या इम्पोर्टसमोर ९०% आणि रिटर्नच्या खाली अडकलेल्या ओळींसमोर १००%. सुरुवात या शेवटच्या दोन गटांपासून कर.

खरी मेहनत ६०% वाल्यांत आहे. टेम्प्लेटमधून बोलावलेली मेथड, सिग्नलचा रिसीव्हर (एखादी घटना घडली की जँगो आपोआप बोलावतं ते फंक्शन), क्रॉनवरून म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड, ही सगळी व्हल्चरला बेवारशी वाटतात. प्रत्येक नाव टेम्प्लेटसकट गिट ग्रेपने (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली शोधायची कमांड) शोध आणि सर्व्हरवरचा क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनची यादी, उघडून बघ, तो बहुतेक गिटमध्ये नसतोच. तरीही शंका उरली तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लॉग टाक आणि वाट बघ. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला महिनाभर पुरत नाही. ३१ मार्चला वर्ष बंद करणारा कोड किंवा ३१ डिसेंबरच्या वार्षिक जीएसटी रिटर्नचा कोड वर्षातून एकदाच जागा होतो. माझ्या मते अशा कोडला पूर्ण वर्ष द्यावंच.

आता व्हॅट. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला म्हणून तो कोड मेला असं धरू नकोस. पेट्रोल-डिझेलवर आजही व्हॅटच लागतो. तुमच्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याचा पेट्रोल पंपही असेल तर? कोणी २०१६ चं बिल पुन्हा छापायला मागितलं तर? हे कोड वाचून कळणार नाही. तुमच्याकडे सपोर्टचे फोन जो घेतो त्याला विचार, त्याला प्रत्येक ग्राहक माहीत असतो.

सीनियरना अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं सांग. २००३ पासून वापरात नसलेला पॉवर पेग नावाचा कोड त्यांच्या सर्व्हरवर तसाच राहिला होता. पुढे नव्या कामासाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही, आणि १ ऑगस्ट २०१२ ला तिथे जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं. तुमच्या सेटिंगमधले व्हॅटचे फ्लॅगही म्हणूनच कोडबरोबर काढ, दुसऱ्या कामाला लावू नकोस.

काढायचं ठरलं की कमेंट करून ठेवू नकोस, काढूनच टाक. गिटमध्ये ते राहतंच. ‘गिट लॉग -एस’ला (एस कॅपिटल) फंक्शनचं नाव दिलंस की सापडतं. एका कमिटमध्ये एकच गोष्ट काढ, म्हणजे परत घेणं सोपं जातं. मग व्हल्चर पुन्हा चालव: फक्त मेलेल्या कोडमधून बोलावली जाणारी फंक्शनं आता कुठे यादीत येतील. मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फायली मात्र यादीतून वगळ. आणि डेटाबेसमधले व्हॅटचे कॉलम कोडबरोबर त्याच रिलीजमध्ये पाडू नकोस. ते पुढच्या रिलीजला, बॅकअप घेऊन.